कोतवाल बुकातली एक ओळ

(मुलचेरा येथील स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विदर्भातल्या जुन्या तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत कडा झिजलेली, पिवळी पडलेली काही रजिस्टरे कापडी बस्त्यांत बांधून ठेवलेली असतात. त्यांना कोतवाल बुक म्हणतात, कोणी कोतवाल पंजीही म्हणतात. मध्य प्रांताच्या राजवटीत गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबर कोतवालाने द्यायची आणि ती या बुकात उतरायची, अशी रीत होती. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. ती ओळ लिहिणाऱ्याला पुढे तिचे काय होणार याची कल्पना असणे शक्यच नव्हते. खबर आली, टाक बुडवला, ओळ लिहिली, संपले.

आज त्याच ओळीवर एखाद्या मुलीचे मेडिकल कॉलेज अडते किंवा सुटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कुमारी माधुरी पाटील खटल्यात जात पडताळणीची चौकट घालून दिली, महाराष्ट्राने पुढे २००० चा जात प्रमाणपत्र कायदा केला आणि राखीव जागेवर बसण्याआधी वैधता प्रमाणपत्र दाखवण्याची सक्ती आली. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आता गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातल्या जंगलगावात १९५० पूर्वीचा कागद आणायचा कुठून? आजोबा शाळेत गेले असते तर दाखलखारीज रजिस्टरात नाव सापडले असते. गावात शाळाच नव्हती. शेत असले तरी पट्टा नव्हता. मग उरते ते कोतवाल बुक. त्यात पणजोबांच्या नावापुढे 'गोंड' लिहिलेले निघाले तर सारे निभावते. पान फाटलेले असले, वाळवी लागलेली असली, किंवा त्या दिवशी लिहिणाऱ्याने जातीचा रकाना कोराच सोडला असला, तर मुलीच्या घरच्यांना दक्षता पथकापुढे देवदेवता, लग्नाच्या रीती, कुळाची नावे सांगत बसावे लागते. ती उत्तरे म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, ते बरे झाले. कारण आजी ज्या बोलीत बोलते त्या बोलीत प्रश्न विचारणारा अधिकारी क्वचितच भेटतो.

ही मुलगी गोंड आहे हे गावाला ठाऊक आहे. तलाठ्याला ठाऊक आहे. ज्या बाबूने अर्ज घेतला त्यालाही मनातून ठाऊक आहे. पण कार्यालयाला ठाऊक नाही, कारण कार्यालयाला डोळे-कान नसतात, दप्तर असते. रोजच्या आयुष्यातली नोकरशाही समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी. तिच्याबद्दल आपण बोलतो तेव्हा लाच, दिरंगाई, मग्रुरी यांवरच बोलतो. ती सारी आहेच. पण उद्या मुलचेऱ्याच्या कार्यालयात सगळी देवमाणसे बसवली तरी कोतवाल बुकातला कोरा रकाना कोराच राहील. कार्यालयाची खरी ताकद साहेबाच्या सहीपेक्षा नोंदीत आहे. ती कोणी केली, कधी केली, कशासाठी केली, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर माणसाचे पुढचे सारे अवलंबून असते.

मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. १९२० मध्ये तो गेला. नोकरशाहीवरचे त्याचे लिखाण त्यानंतर ग्रंथरूपाने आले. आधुनिक कचेरी लेखी कागदपत्रांवर उभी असते, पद माणसाच्या मालकीचे नसते, नियम सर्वांना सारखा, असे त्याचे म्हणणे. त्याला यात मोठे सामर्थ्य दिसत होते, आणि माणूस या चौकटीत जखडला जाईल ही भीतीही वाटत होती. राजाच्या मर्जीपेक्षा कागदाचा नियम बरा, हे अहेरीच्या जमीनदारीचा मुलूख पाहिलेल्यांना कोणी शिकवायला नको. मर्जी गेली, नियम आला, ही प्रगतीच होती. अडचण एवढीच, की नियम सर्वांना सारखा असला तरी कागद सर्वांकडे सारखा नसतो.

आणि कागदाचेच बोलायचे तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे नशीब विचित्र. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ चा. नंतर इथून जवळ आष्टीलाही कागद तयार होऊ लागला. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे त्या कारखान्यांकडे गेला. ज्याच्या रानातल्या बांबूचा कागद झाला, तोच माणूस तहसीलीत कागद नाही म्हणून परत जातो. असो.

आता एक साधी गोष्ट घेऊ: वारस नोंद. समजा एक म्हातारी कार्यालयात आली आहे. नवऱ्याच्या नावावर अडीच एकर धानाची बांधी.

"बाबू, सातबाऱ्यावर पोराचं नाव चढवा लागते."

"मृत्यूचा दाखला आणला का, माय?"

"त्याले मरून सात वरसं झाली. साऱ्या गावानं पाह्यलं."

बाबूही खोटा नाही आणि मायही खोटी नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहिली तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षभराच्या आत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश. घरी, खाटेवर, पावसाळ्यात नाला भरलेला असताना मेलेल्या माणसाचा मृत्यू २१ दिवसांत कोण नोंदवतो? तेरवी होते, नोंद होत नाही. त्या वेळी दाखल्याची गरजही नसते. गरज सात वर्षांनी लागते, आणि तोवर एका सहीचे काम आदेशावर गेलेले असते.

दाखला मिळाला तरी पुढे फेरफार आहे. अर्ज तलाठ्याकडे, वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये, नोटिसा, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. वारसांत एक मुलगी तेलंगणात दिलेली, एक मुलगा आधारवर वेगळ्याच नावाचा. हे सारे होईपर्यंत सातबाऱ्यावर मेलेला माणूसच खातेदार म्हणून जिवंत असतो. यात बिघडते काय? बिघडते ते धान विकताना. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने धान घालायचा तर सातबारा लागतो, त्यावर पिकाची नोंद लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पीक पाहणी राज्यभर मोबाइलच्या ॲपवर आली. शेतात उभे राहून फोटो काढायचा आणि रेंज शोधत मुख्य रस्त्यापर्यंत यायचे. खातेदारच मृत असेल तर अर्ज कोणाच्या नावाने, पैसे कोणाच्या खात्यात? मग धान व्यापाऱ्याकडे जातो, त्याच्या भावाने. व्यापारी सातबारा मागत नाही. खासगी सावकाराकडे लोक का जातात यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले एक कारण इतके साधे आहे, की तो कागद विचारत नाही.

उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी हे कागदावर जिवंत राहिलेल्या या मृत खातेदाराच्या बरोबर उलटे उदाहरण. १९७० च्या दशकात महसुली कागदांवर त्यांना मृत दाखवले गेले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'मृतक' लावले आणि अशाच लोकांचा मृतक संघ काढला. ती बातमी देशभर, परदेशांतही गाजली, कारण जिवंत माणसाला कागदाने मारणे हसण्यासारखे वाटते. मेलेला माणूस कागदावर जगत राहतो तेव्हा कोणी हसत नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही. मुलचेऱ्यासारख्या तालुक्यांत हीच बाजू जास्त आढळते.

मुलचेऱ्याचे वेगळेपण मात्र दुसऱ्याच ठिकाणी आहे. या तालुक्यात गोंड-माडियांची गावे आहेत, आणि त्यांच्या शेजारी सुंदरनगर, गांधीनगर, विवेकानंदपूर अशा नावांच्या बंगाली वस्त्या. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे १९६० च्या दशकात तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात पुनर्वसन झाले, त्यातून ही गावे उभी राहिली. मंडल, विश्वास, हालदार, सरकार अशी त्यांची आडनावे. सरकारच सरकारच्या रांगेत उभे, हा विनोद इथे शिळा झाला असेल. यांना इथे आणले ते शासनाने, घर बांधायला जागा दिली ती शासनाने. तरी कागदाच्या दोन ओळी या लोकांना आजही आडव्या येतात.

पहिली ओळ वनहक्क कायद्यातली. २००६ च्या या कायद्याने आदिवासींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' अशीही एक वर्गवारी केली. तिच्यात बसायचे तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या जंगलात वास्तव्य हवे, आणि पिढी म्हणजे २५ वर्षे. हिशेब सोपा आहे. तीन पिढ्यांची ७५ वर्षे मागे मोजली की १९३० चा डिसेंबर येतो. १९४७ च्या फाळणीने ज्यांना घर सोडावे लागले त्यांनी १९३० मध्ये मुलचेऱ्यात असल्याचा पुरावा द्यावा, असा याचा अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांच्या मनात त्यांच्याबद्दल आकस नव्हता. त्यांच्या मनात हे लोक नव्हतेच. जंगलात अलीकडे घुसून जमिनी बळकावणाऱ्यांना रोखायचे होते, त्यासाठी रेघ ओढली, आणि रेघेपलीकडे ज्यांना शासनानेच आणून बसवले तेही गेले. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे, की ही अट सैल केली असती तर शेजारच्या गोंड गावाचे रान किती उरले असते, हा प्रश्नही खराच आहे. दोन्ही बाजूंनी हक्काची माणसे असली की नियमाला सगळ्यांत जास्त घाम फुटतो.

दुसरी ओळ अनुसूचित जातींच्या यादीतली. या वस्त्यांतले पुष्कळ कुटुंबे नामशूद्र समाजाची. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत, आसाम आणि त्रिपुरातही आहेत. महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३४१ प्रमाणे यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि तीत भर घालण्याचा अधिकार संसदेला. म्हणजे मुलचेऱ्याचा तहसीलदार कितीही कनवाळू असला तरी त्याच्या हातात काही नाही. पुनर्वसन करणाऱ्या यंत्रणेने माणसे या राज्यात हलवली, जातीची नोंद त्या राज्यात राहिली. मुलगा खिडकीवर येतो, बाबू 'तुमची जात इथे बसत नाही' म्हणतो, मुलगा बाबूला शिव्या घालत परततो. शिव्या खाणारा आणि निर्णय करणारा यांच्यात हजार किलोमीटरचे अंतर आहे, हे खिडकीवर दिसत नाही.

यादीतल्या नोंदीने काय होऊ शकते याचे सगळ्यांत दुःखद उदाहरण विदर्भातलेच आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. गोवारी समाजाचे म्हणणे, हे आम्हीच. शासनाचे म्हणणे, गोंड गोवारी वेगळे आणि गोवारी वेगळे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळ अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला, पोलिसांच्या कारवाईत चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नागपुरात शहीद गोवारी उड्डाणपूल आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ही हकिकत ठाऊक असेल कोण जाणे. आणि हा प्रश्न फक्त विदर्भाचा आहे असेही कोणी समजू नये. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा साऱ्या राज्यातले रेकॉर्ड रूम उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला.

आता खिडकीच्या आतल्या बाजूने पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. चंद्रपूर फार लांब पडते, हे त्यामागचे एक कारण. कार्यालय जवळ आले, पण कार्यालयात बसणारा माणूस मनाने लांबच राहिला. 'गडचिरोलीला टाकीन' ही महाराष्ट्राच्या प्रशासनातली जुनी धमकी आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी मिळते, तरी पुष्कळांचे लक्ष बदलीच्या आदेशाकडे असते. शिक्षा म्हणून पाठवलेल्या माणसाकडून सेवेची अपेक्षा करायची, यातला विरोधाभास मंत्रालयात कोणाला टोचत नाही, याचे नवल वाटते. बरे, जो मन लावून काम करतो त्याच्याही टेबलावर काय काय असते? निवडणुकीची यादी, अतिवृष्टीचे पंचनामे, संजय गांधी निराधारचे अर्ज, रेशनच्या तक्रारी, साहेबांची व्हीसी, आणि रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार. मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की धोरण खरे ठरते ते अशा खालच्या टेबलावर. सगळे अर्ज सारख्या काळजीने पाहणे अशक्य असल्यामुळे कारकून स्वतःचे शॉर्टकट शोधतो: कोणाला आधी, कोणाला 'सोमवारी या', कोणाची त्रुटी आज सांगायची, कोणाची पुढच्या खेपेला. वर ज्याला धोरण म्हणतात ते खाली 'सोमवारी या' होऊन पोचते.

हे महाराष्ट्राने सुधारून पाहिलेच नाही असे नाही. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात कार्यालयाची मांडणीच बदलली. टेबले अशी लावली की कोण काय करतो ते दिसावे, कागदांची वर्गवारी केली, लोकांना माहिती हाताशी मिळेल अशी सोय केली. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. सहा गठ्ठे पद्धत आजही प्रत्येक कारकुनाला तोंडपाठ असते: प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, एका कर्मचाऱ्याकडे फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा ठरल्या मुदतीत सेवा द्यायला लावतो, पोच द्यायला लावतो आणि चुकणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड सांगतो. चांगले कायदे आहेत. पण यांपैकी प्रत्येक कायदा फाइल किती वेगाने हलते ते पाहतो. फाइलमध्ये काय लिहिले आहे, आणि ते लिहिण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न विचारला एका गावाने, आणि ते गाव याच जिल्ह्यातले. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावेही परिचित आहेत. घोषणेवर भाषणे पुष्कळ झाली. गावाने कागदाचे काय केले याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. मेंढ्याने कागद टाळला नाही, स्वतःचे दप्तर सुरू केले. अभ्यास गट बसवून कायदे वाचले. ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरले की ते लिहून ठेवले. जुन्या काळातल्या निस्तार पत्रकात गावाचे जंगलावरचे हक्क उतरलेले होते, ती नोंद शोधून समोर ठेवली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाला मिळाला.

त्यानंतरही गाडी अडली ती एका पावतीबुकावर. बांबू तोडला तरी रस्त्यावर नेताना वाहतूक परवाना लागतो, आणि परवाना देणार वनविभाग. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, १९२७ चा वन कायदा २०१७ पर्यंत त्याला झाडांत धरत होता. दोन कायद्यांच्या मधोमध गावाचा बांबू पडून राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. केंद्राचा मंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री एक पावतीबुक द्यायला जंगलात येतात, यावरून त्या पुस्तकाचे वजन कळावे. पुढच्या वर्षी वनहक्क नियमांतच बदल झाला आणि परवान्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले.

वनहक्क नियमांतली आणखी एक तरतूद मुलचेऱ्यातल्या प्रत्येक गावाने वाचावी. नियम १३ पुराव्यांची यादी देतो. तीत सरकारी कागद आहेतच. त्यांशिवाय बांध, विहीर, स्मशान, देवस्थान हेही पुरावे आहेत, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा आहे. ज्या कार्यालयाला फक्त दप्तर कळते, त्याच्या दप्तरात विहीर आणि म्हातारीचे बोलणे दाखल करण्याची सोय इथे कायद्याने केली. मात्र ते बोलणे कोणीतरी लिहून घ्यायला हवे. जंगलाची जुनी हद्द पायाने ठाऊक असलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांची निवेदने गोंडीत ऐकून मराठीत उतरवणारी, अंगठ्याशेजारी तारीख घालायला न विसरणारी दहावी-बारावी झालेली मुले-मुली गावात आहेत. तलाठी येण्याची वाट पाहायची त्यांना गरज नाही.

मग ग्रामसभाही कार्यालय होणार का? झालीच आहे. तेंदू आणि बांबूचे लिलाव ग्रामसभा करतात, त्यासाठी बँक खाते, पॅन कार्ड, हजेरीपट, मजुरीचे वाटप, लेखापरीक्षण आले. ज्याला लिहिता येते त्याच्याकडे चावी गेली. इतिवृत्त लिहिणारा बहुधा तरुण पुरुष, बायकांचे म्हणणे त्यात किती उतरते ते वही उघडूनच पाहावे लागेल. मजुरीच्या हिशेबात नाव राहिले म्हणून विचारायला आलेल्या बाईला ग्रामसभेचा हिशेबनीस काय उत्तर देतो? येत्या हंगामात तेंदूची मजुरी वाटली जाईल तेव्हा तिथे जाऊन, कोणी 'सोमवारी या' म्हणते का ते ऐकायला हवे.